रेघांची सुगरण आणि माझा चुकलेला रिपोर्ट

जुलैतल्या एका शनिवारी दुपारी वडगाव रासाईच्या नदीकाठावर ट्रेलरवरून पोकलेन उतरवत होते आणि मी बांधावर उभी राहून फोटो काढत होते. क्लायंटला 'काम सुरू होण्यापूर्वी' म्हणून चार फोटो हवे होते. काम सोमवारी सकाळी सुरू होणार होतं. ओढा भीमेला मिळतो तिथल्या संथ पाण्यात पाणकणसाचं मोठं बेट माजलं होतं. पाणकणीस म्हणजे पुरुषभर उंच, लांब पानांचं, टोकाला तपकिरी कणीस येणारं पाण्यातलं गवत. ते मुळासकट काढायचं होतं.

तिसऱ्या फोटोत एक पक्षी आला. डोकं पिवळं, गळा काळा, चोचीत पानाची लांब पट्टी. तो पट्टी घेऊन सरळ पाणकणसात घुसला. मी कॅमेरा सोडून दुर्बीण लावली. तो परत वर आला तेव्हा त्याची छाती नीट दिसली. छातीवर काळ्या रेघा होत्या.

क्लायंटच्या फाइलमध्ये जो पक्षी-सर्वेक्षणाचा रिपोर्ट होता, त्यात लिहिलं होतं, 'पाणकणसात कोणत्याही पक्ष्याची घरटी नाहीत. काढण्यास हरकत नाही.' आणि खाली सही माझी होती.

मी यवतला राहते. पुण्यातल्या एका छोट्या कन्सल्टन्सीसाठी गेली वीस वर्षं पक्षी मोजते. रस्ता होणार, पूल होणार, गाळ काढणार, की आम्हाला बोलावतात. आम्ही जाऊन तिथं कोणते पक्षी आहेत, किती आहेत, त्यांचं काय नुकसान होईल, हे लिहून देतो. लोकांना वाटतं, मजेचं काम आहे. फिरायचे पैसे मिळतात, असं माझा भाऊ म्हणतो. त्याला एकदा मे महिन्यात माळावर न्यायचंय मला.

आता चूक कशी झाली ते सांगते. सुगरण सगळ्यांना माहीत असते. विहिरीवरच्या बाभळीला उलट्या सुरईसारखी लोंबती घरटी बांधणारी. तिला आम्ही बाया सुगरण म्हणतो. विणीच्या काळात तिच्या नराचं डोकं पिवळं होतं आणि छातीही पिवळी, साधी. तिची सख्खी बहीण म्हणजे ही रेघांची सुगरण. आकार तोच, पिवळं डोकं तेच, विणायची कला तीच. फरक दोन. एक, छातीवरच्या रेघा. दुसरा, घर. ही झाडावर जात नाही. पाण्यात उभ्या पाणकणसाच्या चारसहा काड्या एकत्र ओढून त्यांच्यातच गोल घरटं विणते. तोंडाची नळी आखूड. काठावरून बघितलं तर पानांचा गुंता वाटावा.

आमच्या धंद्यात सुगरणीची घरटी हिवाळ्यात मोजायची पद्धत आहे. बाभळीची पानं विरळ झालेली असतात, जुनी घरटी तशीच लटकत असतात. मोटारसायकलवर बसल्या बसल्या मोजता येतात. शिवाय वर्क ऑर्डरही तेव्हाच येते, कारण सगळ्यांना मार्च एंडिंगच्या आत रिपोर्ट हवा असतो. मीही फेब्रुवारीत गेले. विहिरींवरच्या बाभळी मोजल्या. पाणकणसात बघितलं, तर नुसती जळकी खुंटं. वाळलेलं पाणकणीस गावातले लोक थंडीत पेटवून देतात आणि त्याच्याबरोबर जुनी घरटीही जातात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, लक्षात आलं नाही. आणि हिवाळ्यात दोन्ही बहिणींचे नर पिवळा रंग उतरवून चिमण्यांसारखे दिसतात, एकाच थव्यानं ज्वारीत उतरतात.

सगळ्यात वाईट म्हणजे त्या शनिवारी घरी येऊन जुनी डायरी काढली तर फेब्रुवारीतल्या त्या दिवसाच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं, 'थव्यात काहींच्या छातीवर रेघा?' पुढं प्रश्नचिन्ह. टाइप करताना मी ते प्रश्नचिन्ह गाळलं होतं. लाज वाटली. वीस वर्षांत इतकी कधी वाटली नव्हती.

साहेबांना फोन लावला. साठे सर म्हणजे कन्सल्टन्सीचे मालक. माणूस वाईट नाही, पण क्लायंटचं नाव निघालं की आवाज बारीक होतो.

"सर, वडगावच्या रिपोर्टमध्ये चूक आहे."

"स्पेलिंगची?"

"पक्ष्याची. पाणकणसात दुसरी सुगरण आहे. घरटी चालू आहेत."

"बरं. स्टेटस काय तिचं?"

"लीस्ट कन्सर्न."

"आणि पहिलीचं?"

"लीस्ट कन्सर्न."

"मग रणपिसे, प्रॉब्लेम काय आहे?"

हा प्रश्न मला आयुष्यात शंभर वेळा विचारला गेला असेल. म्हणून जरा थांबून सांगते. जगातल्या प्राण्या-पक्ष्यांची एक यादी असते, रेड लिस्ट. कोण नाहीसं होण्याच्या किती जवळ आहे, ते त्यात पायऱ्यापायऱ्यांनी लावलेलं असतं. लीस्ट कन्सर्न ही सगळ्यात खालची, बिनघोर पायरी. पण ती साऱ्या जगाचा हिशेब धरून असते. रेघांची सुगरण सिंधपासून जावापर्यंत आहे, म्हणून ती बिनघोर. वडगावच्या ओढ्याच्या तोंडाशी ती राहील का, हे ती यादी सांगत नाही. ते तिचं कामच नाही.

बाया सुगरणीनं माणसाशी जमवून घेतलंय. शिंदीची झाडं गेली तर बाभूळ, बाभूळ गेली तर विहिरीच्या भिंतीतून आलेलं झुडूप, ते नाही तर विजेची तार. रेघांच्या सुगरणीला असं जमत नाही. उभं पाणी आणि त्यात पाणकणीस, एवढंच तिचं घर. ते काढलं की ती शेजारी जात नाही, तिथून कायमचीच जाते. यांचीच आणखी एक बहीण हिमालयाच्या पायथ्याच्या गवताळ दलदलीत राहते. तिची दलदल शेतीखाली गेली आणि आज ती धोक्याच्या यादीत बरीच वर जाऊन बसली आहे. तिन्ही एकाच घरातल्या. नशीब ठरलं ते कोण कुठं घर बांधतं त्यावर.

हे सगळं मी साठे सरांना फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोमवारचं काम होऊ दे. नंतर आपण एक अॅडेंडम पाठवू."

अॅडेंडम म्हणजे रिपोर्टला मागाहून जोडायची पुरवणी.

"पिल्लं पाण्यात गेल्यावर पुरवणी कोणाला वाचायला देऊ, सर?"

"हे बघ, तुला लिहायचंच असेल तर स्वतःच्या नावानं लिही. कंपनीच्या लेटरहेडवर नको. हा क्लायंट गेला तर पुढच्या वर्षी मी तुम्हाला काय काम देऊ?"

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला. मोबाइल आपटला की आपलंच नुकसान होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

रविवारी सकाळी स्कोप, म्हणजे लांबचं दाखवणारी मोठी दुर्बीण, आणि तिचा स्टँड स्कूटरवर बांधून पूल ओलांडला. नदीच्या अलीकडं आमचा दौंड तालुका, पलीकडं शिरूर. त्या ओढ्याला लागून किसन आप्पांचं रान आहे. पाणकणीस काढण्याच्या कामासाठी सगळ्यात जास्त हेलपाटे त्यांनीच घातले होते. मी पोचले तेव्हा आप्पा छातीभर पाण्यात उभे होते. काठावर त्यांच्या मंडळी, हिराकाकू, दोर धरून उभ्या.

"जय भीम, मॅडम," आप्पा पाण्यातूनच म्हणाले. "आज काय, रविवारचं?"

मी सांगितलं. गोल गोल न बोलता सांगितलं, की माझा रिपोर्ट चुकला, पाणकणसात घरटी आहेत आणि उद्याचं काम थांबवायला मी आले आहे.

आप्पा खाली वाकले आणि पाण्यातून एक पाइप वर ओढला. टोकाला फूटव्हॉल्व्ह. मोटारीच्या पाइपच्या टोकाला जाळी आणि आत झडप असते, ती. जाळीभोवती पाणकणसाच्या मुळ्यांचा एवढा मोठा बोचका.

"ह्ये बगा," ते म्हणाले. "दिवसातनं दोन बार काढतोय. गेल्या साली ह्याच्या पायी मोटार जळाली. आन् आडसाली लागण ह्याच आठवड्यात हाय. सऱ्या पाडून ठिवल्यात, बेणं आलंय. पाणी न्हाई मिळालं तर बेणं वाळंल. पाखरांसाठी आम्ही पाण्यातच ऱ्हायाचं व्हय?"

आडसाली म्हणजे जुलैत बेण्याच्या कांड्या लावून केलेला ऊस. तो दीड वर्ष शेतात उभा राहतो. त्याची सुरुवातच चुकली तर दीड वर्षाचं चुकतं. आप्पांची बाजू चूक नव्हती. अशा वेळी माझी फार चिडचिड होते. समोरचा माणूस चूक असला की काम सोपं जातं.

हिराकाकू मात्र स्कोपकडं बघत होत्या. "त्या कणसातल्या व्हय? त्या येगळ्याच हायत. झाडावरच्या नुस्ता कालवा करत्यात. ह्या गपगुमान. मी घास कापाया येते तवा बगते. पार तिकडच्या अंगाला हायत, नदीच्या तोंडाला. हिकडं एक बी न्हाई."

"इकडं एकही नाही?"

"हिकडं मोटारी चालत्यात. माणसं उतरत्यात. कशाला येतील?"

मी दुपारपर्यंत मोजलं. काकू म्हणाल्या ते अक्षरशः खरं निघालं. तेवीस घरटी, सगळी नदीकडच्या टोकाला, खोल पाण्यावर. त्यातली नऊ अर्धवट. अर्धवट घरट्याला आम्ही हेल्मेट म्हणतो, कारण तसंच दिसतं. नर हेल्मेटपर्यंत विणतो, मादी येऊन बघते, पसंत पडलं तरच पुढचं काम. नाही तर ते तसंच सोडतो आणि दुसरं सुरू करतो. उरलेल्या चौदांपैकी निम्म्यांत माद्या चोचीत अळ्या घेऊन जात होत्या. म्हणजे आत पिल्लं.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा पाइप मोजले. फेब्रुवारीत मी इथं दोन दिवस होते आणि एकदाही पाइपकडं बघितलं नव्हतं. पाच शेतकऱ्यांचे पाच पाइप. सगळे ओढ्याच्या वरच्या बाजूला. घरटी आणि पाइप यांच्यामध्ये रिकाम्या पाणकणसाचा चांगला रुंद पट्टा. वहीच्या पानावर नकाशा काढला. काकूंनी त्यात दोन दुरुस्त्या केल्या. आप्पा बांधावर बसून भाकरी खात होते, बघत होते, पण जवळ आले नाहीत.

सोमवारी सकाळी आठ वाजता मोहिते आले. शिक्रापूरकडचा एक कारखाना आमचा क्लायंट. त्याच्या समाजकामासाठीच्या सीएसआर फंडातून हे काम होत होतं, आणि तो फंड मोहिते सांभाळत. इस्त्रीचा शर्ट, बरोबर बॅनर. पाचही शेतकरी हजर. पोकलेनचा ऑपरेटर, झारखंडचा मंडल, केबिनमध्ये तयार बसलेला.

मी नमस्कार-चमत्कारात वेळ घातला नाही. घातला असता तर धीर सुटला असता.

"साहेब, माझा रिपोर्ट चुकीचा आहे. मी चुकीच्या हंगामात मोजलं. पाणकणसात घरटी आहेत, पिल्लं आहेत. हे माझं पत्र, माझ्या सहीचं. ती परवानगी मी मागं घेते."

मोहितेंनी पत्र वाचलं. "मॅडम, फेब्रुवारीत तुम्हीच लिहिलं, घरटी नाहीत. जुलैत तुम्हीच लिहिता, आहेत. आता मी तुमच्या कुठल्या सहीवर विश्वास ठेवायचा?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी म्हटलं, "सहीवर नका ठेवू. इथून बघा."

स्कोप लावून ठेवलाच होता. मोहिते वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. एक मादी आली असावी, कारण ते हळूच म्हणाले, "अरे, आतून तोंडं काढतायत."

"एकूण तेवीस घरटी आहेत. सातांत पिल्लं."

"पण मी वर काय सांगू? मशीन आलंय."

मी नकाशा पुढं केला. सगळं बेट काढायला नको. पाइपांच्या बाजूनं एक रुंद चर काढू, पाणी मोकळं होईल. फूटव्हॉल्व्ह रिकाम्या कॅनला बांधून तरंगते ठेवू, म्हणजे तळातल्या मुळ्या ओढल्या जाणार नाहीत. नदीकडचा तुकडा सप्टेंबर संपेपर्यंत राहू दे. पिल्लं उडाली की तो ठरवता येईल.

"पन मशीन पान्यात घातल्याबिगर चर निघंल का?" एका शेतकऱ्यानं विचारलं. "आन् पान्यात घातलं तर सगळंच हालतंय."

मी मंडलकडं बघितलं. तो खाली उतरला, काठानं दहा पावलं चालला, पायानं माती दाबून बघितली.

"मैडम, उतरना नहीं पड़ेगा। लंबा बूम है। किनारे से ही खींच लूँगा। बस जहाँ तक खींचना है, वहाँ कुछ गाड़ दो।"

सगळे आप्पांकडं बघायला लागले. शेवटी पाणी त्यांचं, मोटार त्यांची. आप्पांनी माझ्या हातातला नकाशा घेतला, उलटा धरला, सुलटा केला.

"आन् चरानं न्हाई भागलं तर?"

"तर मी परत येईन."

"यीऊन काय करनार?"

"तुमच्याबरोबर पाण्यात उतरीन. जाळी साफ करीन. दुसरं काय करणार?"

हे मी रागात बोलले होते, पण लोक हसले. आप्पा नाही हसले. ते घरामागं गेले आणि बांबूची लांब काठी घेऊन आले. काकूंनी तिच्या टोकाला लाल साडीचा तुकडा बांधला. आप्पा पाण्यात उतरले, बेटाच्या कडेनं चालत गेले आणि नकाशात जिथं चराच्या हद्दीची रेघ होती त्याच्याही चार हात अलीकडं, म्हणजे स्वतःच्या बाजूला, काठी रोवली.

"हितवर," ते ओरडले. "त्याच्या म्होरं न्हाई!"

चर काढायला दीड दिवस लागला. मंडलनं बकेट इतकी हळू चालवली की पक्षी पहिल्या तासात उडाले आणि दुसऱ्या तासात परत आले. मंगळवारी संध्याकाळी पाच मोटारी एकाच वेळी चालू केल्या. पाणी सरीच्या टोकापर्यंत गेलं. आप्पांनी बेणं भिजवायला घेतलं. मी बांधावर बसून रडले. कोणी बघितलं नाही असं मला वाटत होतं, पण काकूंनी चहा आणून दिला तो न विचारता दुप्पट साखरेचा होता.

सगळं गोड झालं असं नाही. ऑगस्टमध्ये धरणातून पाणी सोडलं, नदी चढली आणि खालच्या अंगाची सहा घरटी बुडाली. त्यात माणसाचा दोष नव्हता, तरी मला दोन दिवस जेवण गेलं नाही. उरलेली टिकली. सप्टेंबरच्या शेवटी गेले तेव्हा आप्पांच्या शेजारच्या बाजरीत कोवळी पिल्लं चाळीसच्या वर मोजली, छातीवर रेघा असलेली. ऊस गुडघ्याच्या वर गेला होता. फूटव्हॉल्व्ह आप्पांना दोन महिन्यांत तीनदा काढावा लागला होता, दिवसातून दोनदा नाही.

साठे सरांनी माझं पत्र शेवटी लेटरहेडवर घेतलं, मोहितेंचाच फोन आल्यावर. कारखान्यानं पुढचं काम मात्र दुसऱ्या कन्सल्टन्सीला दिलं. सर महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. आता आमच्या कोटेशनमध्ये एक ओळ असते. पाणथळ जागेचं सर्वेक्षण जून ते ऑगस्टमध्येच होईल, मार्चच्या आत हवं असल्यास आमची सही मिळणार नाही. या ओळीनं आमची दोन कामं गेली. सर कुरकुरतात, पण ओळ काढत नाहीत.

या वर्षी जूनमध्ये आप्पांचा फोन आला.

"मॅडम, पिवळी टोपीवाली आलीत. चार हेल्मेटं झाली."

हेल्मेट हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून मला काय वाटलं ते सांगता येणार नाही.

"आन् काम बी हाय एक," ते पुढं म्हणाले. "वरल्या अंगाचं गवात पुना माजलंय. पंचायतीनं ठराव केलाय, काढायचं. पन आदी पाखरं मोजून रिपोर्ट पायजे म्हनत्यात. ग्रामसेवक म्हनला, पुण्याची मोठी कंपनी हाय, तिला बोलवू. मी म्हनलं, न्हाई. त्या रणपिसे बाई येत असतील तर बोलवा."

"का हो आप्पा? माझाच तर रिपोर्ट चुकला होता."

"म्हनूनच की," आप्पा म्हणाले. "बाकीच्यांचा चुकला तर आमाला कळनार कसं?"

फी किती, हे मी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरवर स्कोप बांधला आणि निघाले. चुकलेला रिपोर्ट दुरुस्त करायला माणसानं स्वतः जावं, नुसतं पत्र पाठवू नये, एवढं मी या प्रकरणातून शिकले. आणि पक्षी घरी असतील तेव्हा जावं.